‘पाणी कमी प्या’ या सल्ल्यावरील आक्षेपाला उत्तर

इलिओस्टोमी म्हणजे लहान आतड्याचे टोक पोटावर उघडून मल बाहेर लावलेल्या पिशवीत जमा करण्याची शस्त्रक्रिया. ती झालेल्यांनी पाणी कमी प्यावे आणि मीठ जास्त घ्यावे, असे मी माझ्या लेखात लिहिले होते. त्यावरील आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. वादाच्या मुद्द्यांकडे वळण्यापूर्वी तिच्यातील एका ओळीविषयी लिहिते, कारण ती उद्यावर टाकण्यासारखी नाही. आपल्या वडिलांची इलिओस्टोमी होऊन सोळा दिवस झाले, ते दिवसाला साडेतीन लिटर पाणी पितात, पिशवी दहा-बारा वेळा रिकामी करावी लागते आणि लघवी मात्र दोनदाच, तीही गडद रंगाची होते, असे आपण लिहिले आहे. एवढे पाणी पोटात जात असताना शरीर कोरडे कसे पडेल, हा आपला युक्तिवाद. पण हेच वर्णन शरीर कोरडे पडू लागल्याचे आहे. कृपया आजच शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना हे आकडे कळवा आणि रक्तातील सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम व (मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे ते दाखवणारे) क्रिएटिनिन तपासावे का, असे विचारा. उभे राहताना चक्कर येत असेल, उलट्या किंवा गुंगी असेल किंवा लघवी जवळपास थांबली असेल, तर फोनच्या उत्तराची वाट न पाहता त्यांना थेट रुग्णालयात न्या.

आता आपले आक्षेप, आपल्याच शब्दांत: इलिओस्टोमीच्या रुग्णाला ‘पाणी कमी, मीठ जास्त’ असे सांगणे बेजबाबदारपणाचे आहे. मिठाने रक्तदाब वाढतो. ओआरएस हे जुलाब झालेल्या मुलांसाठीचे औषध आहे. घरगुती मिश्रणात मी ‘एक चमचा मीठ’ लिहिले, पण चमचा केवढा ते सांगितले नाही. आणि पिशवीतील स्राव मोजत बसणे म्हणजे माणसाला आजारातच अडकवून ठेवणे होय. यांपैकी चमच्याचा आक्षेप मला संपूर्ण मान्य आहे, रक्तदाबाचा अर्धा मान्य आहे, बाकीचे मान्य नाहीत.

पिणे आणि लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस असे सर्व मिळून दररोज साधारण आठ ते नऊ लिटर द्रव लहान आतड्यात येतो. त्यातला बहुतेक भाग तेथेच शोषला जातो. उरलेला लिटर-दीड लिटर मोठ्या आतड्याकडे जातो आणि तेथे पाण्याबरोबर सोडियमही जवळजवळ पूर्ण परत घेतले जाते. इलिओस्टोमीत हा शेवटचा टप्पा नसतो. त्यामुळे पिशवीत येणाऱ्या प्रत्येक लिटरमागे सुमारे १०० मिलिमोल किंवा त्याहून अधिक सोडियम, म्हणजे जवळपास ६ ग्रॅम मीठ, शरीराबाहेर जाते. दोन लिटर स्राव होत असेल तर हा आकडा १२ ग्रॅमच्या घरात पोहोचतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खाण्याची शिफारस करते, हे आपण लिहिले ते बरोबरच आहे, पण ती शिफारस ज्यांचे मोठे आतडे मीठ परत मिळवते अशांना समोर ठेवून केलेली आहे.

पाण्याचे काम येथेच उलटते. लहान आतड्याचा वरचा भाग बराच ‘गळका’ असतो. त्यात साधे पाणी, चहा किंवा पातळ सरबत आले की तोल साधण्यासाठी शरीरातले सोडियम आतड्याच्या पोकळीत उतरते, आणि खाली ते परत घेण्याइतके आतडे शिल्लक नसेल किंवा असलेले अजून सरावले नसेल, तर ते पाण्यासकट पिशवीत जाते. मग तहान वाढते, माणूस आणखी पाणी पितो आणि पिशवी आणखी भरते. मी स्वतः या चक्रात अडकले होते. माझ्या इलिओस्टोमीनंतर घरी आल्यावर ‘भरपूर पाणी प्या’ एवढेच रुग्णालयाने दिलेल्या कागदावर लिहिलेले होते, आणि मी ते इमानेइतबारे पाळले. उशाशी लिटरची बाटली, रात्रीतून ती दोनदा भरलेली. एकोणिसाव्या दिवशी पहाटे पोटऱ्यांत असे गोळे आले की पलंगावरून पाय खाली सोडता येईना, आणि जीभ टाळूला चिकटलेली. पुढचे चार दिवस सलाईनवर गेले. त्या कागदाचा राग मला आजही येतो, हे मी लपवत नाही. कदाचित त्याच रागात मूळ लेखातले वाक्य गरजेपेक्षा कडक झाले.

ओआरएसचा शोध अतिसारासाठी लागला हे खरे, पण आतड्याची भिंत रुग्णाचे वय विचारत नाही. ग्लुकोज आणि सोडियम एकाच वाहक प्रथिनाच्या आधाराने जोडीने आत घेतले जातात, ही कल्पना अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडली, आणि या जोडीच्या मागोमाग पाणीही आत येते. २००२ पासूनच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरमागे ७५ मिलिमोल सोडियम आणि तेवढेच ग्लुकोज असते; स्राव फार असणाऱ्यांसाठी अनेक ठिकाणी ९० मिलिमोल सोडियमचे द्रावण वापरतात. खेळाडूंच्या पेयांत सोडियम साधारण २० मिलिमोलच असते आणि साखर भरपूर, म्हणून ती पर्याय ठरत नाहीत. ओआरएससारखे दिसणारे गोड तयार पेय घेताना वेष्टनावरचा सोडियमचा आकडा अवश्य वाचावा.

चमच्याबाबत आपण मला उघडे पाडले, आणि ते योग्यच झाले. आपला आक्षेप वाचल्यावर घरातले तीन चमचे मीठ भरून, सुरीच्या पाठीने काठाशी सपाट करून, छोट्या वजनकाट्यावर तोलले: एकात ४ ग्रॅम, दुसऱ्यात साडेपाच, तिसऱ्यात ७. ‘एक चमचा’ हे माप नव्हेच. ९० मिलिमोलचे द्रावण एक लिटर पाण्यात २० ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा असे असते. ते तोलूनच करावे, चोवीस तासांनी उरलेले ओतून द्यावे आणि दिवसभर घोट घोट घ्यावे. थंडगार केल्यास ते सुसह्य होते. चवदार होते असे मी म्हणणार नाही.

रक्तदाबाविषयी मात्र माझी चूक वेगळी होती. उच्च रक्तदाब, हृदयाचा अशक्तपणा किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्याने मीठ स्वतःच्या मनाने वाढवू नये, हे मी ठळकपणे लिहायला हवे होते. त्याचबरोबर, लघवी वाढवणाऱ्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या शरीर कोरडे असताना मूत्रपिंडांना घातक ठरतात. वडील त्या घेत असतील तर आजच्याच फोनमध्ये तेही सांगा. गोळ्या आपण होऊन बंद करू नका.

मोजण्याविषयी आपले मत बदलेल अशी मला आशा आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत पिशवीतून किती गेले आणि लघवी किती झाली, हे दोनच आकडे तहानेपेक्षा विश्वासार्ह असतात. स्थिरावलेल्या इलिओस्टोमीत दिवसाला साधारण ५०० ते ८०० मिलिलिटर स्राव येतो, सुरुवातीला त्याहून अधिक. दीड लिटरच्या वर गेला तर डॉक्टरांना कळवायचे. मी संडासात खुणा असलेला एक प्लास्टिकचा जग आणि दोरीने बांधलेली पेन्सिल ठेवली होती. पिशवी एक तृतीयांश भरली की जगात रिकामी करायची, वेळ आणि आकडा लिहायचा, स्राव पाण्यासारखा पातळ आहे की लापशीसारखा दाट हे एका शब्दात टिपायचे, आणि तेवढेच लघवीचे. रोज सकाळी वजन करायचे. दोन दिवसांत दोन किलो उतरले तर ते पाणी असते, चरबी नव्हे. दोन मिनिटांचे काम. सहाव्या आठवड्यात आकडे स्थिर झाल्यावर मी वही बंद केली, त्यामुळे ‘आजारात अडकणे’ हे वर्णन मला लागू पडत नाही.

मूळ लेखातील लोपेरामाइडचा, म्हणजे आतड्याची हालचाल मंदावणाऱ्या औषधाचा, उल्लेखही आपल्याला खटकला. स्राव कमी करण्यासाठी ते जेवणाच्या अर्धा तास आधी दिले जाते, पण जंतुसंसर्ग किंवा आतड्यातील अडथळा नाही याची खात्री आधी डॉक्टरच करतात, आणि मात्रा तेच ठरवतात. पिशवी काही तास पूर्ण कोरडी राहून पोटात कळा येत असतील तर ते स्राव आटोक्यात आल्याचे लक्षण समजू नये. अडथळा असू शकतो आणि तेव्हा हे औषध घेणे धोक्याचे आहे.

मूळ लेखातील ‘पाणी कमी प्या’ हे वाक्य मी आज काढले. त्या जागी आता असे आहे: “स्राव दिवसाला दीड लिटरच्या वर असेल, तर साधे पाणी, चहा व सरबते मिळून किती घ्यायची ही मर्यादा डॉक्टरांकडून ठरवून घ्या, अनेकदा ती अर्धा ते एक लिटर असते. उरलेली तहान ओआरएसने भागवा. पाणी तोडायचे आणि त्याच्या जागी काहीच द्यायचे नाही, असे कधीही करू नका.”