कोयनेचं पाणी ‘वाया’ जातं म्हणे

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. कोयनेचं पाणी वीज करून समुद्रात सोडतात, हे पाप आहे, आता सोलर आलंय, तेव्हा ती जुनी मशीनं बंद करून टाका, असं काहीतरी. टाकणारे आमच्या वरच्या मजल्यावरचे गृहस्थ. खाली त्यांची स्वतःची भर: ‘माझं बिल तीन महिने शून्य आहे. कोयना हवीच कशाला?’ त्यावर अंगठ्यांची रांग. मी फोन पालथा टाकला आणि पोळ्या करायला लागले. दोन करपल्या.

कोरोनात पंतप्रधानांनी रात्री नऊला नऊ मिनिटं दिवे घालवायला सांगितले होते, त्या ५ एप्रिल २०२० च्या रात्री हेच गृहस्थ गॅलरीतून ओरडले होते, “काका, लाईट घालवा की! नऊ वाजले!” काका म्हणजे माझे अण्णा. सगळ्या सोसायटीत अंधार, पणत्या, मोबाईलचे टॉर्च, आणि आमच्या घरात मात्र झाडून सगळे दिवे चालू. अण्णांनी बाथरूमचासुद्धा लावून ठेवला होता. मी लाजेने अर्धमेली.

अण्णांची अख्खी नोकरी कोयनेच्या पोफळीच्या वीजगृहात गेली. डोंगराच्या पोटातलं वीजगृह, आणि आम्ही खाली अलोऱ्याच्या कॉलनीत. सेकंड शिफ्ट करून आले की ताटावर बसल्या बसल्या सांगायचे, “आज कळव्याचा फोन ठेवायला फुरसत नव्हती.” कळवा म्हणजे लोड डिस्पॅच. राज्यात कुणी किती वीज करायची ते तिथून सांगतात. लोड घ्या, लोड सोडा, अजून एक मशीन लावा. मला लहानपणी वाटायचं, कळवा नावाचे कुणी रागीट साहेब आहेत.

तर त्या रात्री अण्णा मोबाईलवर ग्रिडची, म्हणजे देशभरच्या विजेच्या जाळ्याची, फ्रिक्वेन्सी बघत बसले होते. मांडीवर वही, चष्मा कपाळावर. वीज कुठे पिंपात भरून ठेवलेली नसते. जितकी लागते तितकी त्याच क्षणी करावी लागते. मागणी वाढली की फ्रिक्वेन्सीचा काटा पन्नास हर्ट्झच्या खाली सरकतो, कमी झाली की वर चढतो. फार सरकला तर एकामागून एक यंत्रं ट्रिप होतात, म्हणजे आपोआप बंद पडतात. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला ग्रिड कोलमडली आणि अर्धा देश अंधारात गेला, ते आपण विसरून पण गेलो.

५ एप्रिलला मागणी बारा-तेरा हजार मेगावॅटनी उतरेल असा अंदाज होता. उतरली सुमारे ३१ हजारांनी, तीही काही मिनिटांत! कोळशाच्या संचाला असं झपकन खाली-वर करता येत नाही. बंद पडला तर परत उभा करायला तासन् तास जातात. म्हणून आधीच कोळशाची निर्मिती कमी करून पाण्याची वाढवून ठेवली होती आणि नऊच्या ठोक्याला मुख्यतः पाण्याचीच उतरवली. देशभरात सतरा हजार मेगावॅटच्या वर जलविद्युत त्या पंचवीसेक मिनिटांत खाली आणली. अण्णांनी वहीत लिहिलेले आकडे माझ्याकडे आहेत. काटा ५०.२६ पर्यंत चढला होता. आणि वरून आवाज, “काका, लाईट घालवा की!”

अण्णा गॅलरीत गेले आणि एवढंच म्हणाले, “थांबा हो, तिकडे पोरं मशीन उतरवतायत.”

कुणाला काही कळलं नाही. मलाही तेव्हा नीट नव्हतं कळलं.

आता ते शून्य बिल. अहो, तुमचं बिल शून्य आहे, तुमचं घर स्वयंपूर्ण नाही! दुपारी बारा वाजता तुम्ही ऑफिसात असता, घर बंद, पॅनलची वीज बाहेर ग्रिडवर जाते. संध्याकाळी सातला येऊन दोन एसी लावता, तेव्हा सूर्य कुठे असतो? नेट मीटर फक्त हिशेब जुळवतो. सातची वीज सातलाच कुणीतरी करत असतं. गेल्या मे महिन्यात भरदुपारी आपला ट्रान्सफॉर्मर गेला तेव्हा ऊन डोक्यावर, पॅनल छपरावर, आणि तुमचाही पंखा बंदच होता ना? ग्रिड गेली की तुमचा इन्व्हर्टरही थांबतो, बिनबॅटरीचा तो तसाच केलेला असतो, नाहीतर लाईनवर काम करणाऱ्या वायरमनचा जीव जाईल. त्या दिवशी तुम्हीच वॉचमनवर खेकसत होतात.

आणि सूर्य मावळताना राज्यभरची सोलर एकदमच उतरते. नेमके तेव्हाच घराघरात दिवे, एसी, गीझर सुरू होतात. तो चढ कोण चढणार? कोयनेच्या चौथ्या टप्प्याची २५० मेगावॅटची चार मशीनं संध्याकाळच्या या चढासाठीच तर बांधली. सगळे टप्पे धरून कोयना १९६० मेगावॅटची. सोलर जितकी वाढेल तितकी ती जास्त लागेल, कमी नाही.

बरं, ती चोवीस तास चालवायची म्हटलं तरी चालवता येत नाही. कृष्णेचं पाणी राज्याराज्यांत वाटून देणाऱ्या कृष्णा लवादाने पश्चिमेकडे वीजनिर्मितीसाठी वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी बांधून दिलंय. १ जूनला खातं उघडतं, ३१ मेपर्यंत पुरवायचं. अण्णा म्हणायचे, पगारासारखं आहे, दहा तारखेला उडवलात तर महिनाअखेरीला काय खाल? आणि ‘वाया’? पोफळीला मशीन फिरवून ते पाणी कोळकेवाडीच्या धरणात अडतं, तिसऱ्या टप्प्यात परत फिरवतं, मग वाशिष्ठीत जातं. त्या अवजलावर चिपळूण आहे, लोट्याचे कारखाने आहेत. उरलेलं समुद्रात जातं, हो, जातं. दुष्काळी माणदेशातल्या माणसाने त्यावर बोट ठेवलं तर मी मान खाली घालून ऐकेन. वरच्या मजल्यावरून मात्र ऐकणार नाही.

२२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा लोकांनी कोळकेवाडीकडे बोट दाखवलं, तेही मला माहीत आहे. पंप्ड स्टोरेज होतंय, घाटघरला २५० मेगावॅटचं आहेच, दुपारची सोलर वापरून पाणी वर चढवता येईल, मान्य. पण जितकी वीज घालाल तितकी परत मिळत नाही, आणि नवे प्रकल्प काय उद्या सकाळी उभे राहणार आहेत?

लिहिता लिहिता राग जरा उतरला. अण्णांबरोबर हेल्पर म्हणून एक मामा होते, त्यांचं गाव शिवसागरच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, पाण्याखाली गेलेलं. दिवाळीला आमच्याकडे फराळाला यायचे. भावकी कुठच्या कुठे, सोलापूरकडे वसवलेली. धरणाला साठ वर्षं झाली तरी कोयनेचे लोक जमिनीसाठी मोर्चे काढतायत. ग्रुपवर त्यांच्याबद्दल एकही फॉरवर्ड येत नाही. तुम्हाला कोयनेविरुद्ध बोलायचंच असेल तर तिथून सुरुवात करा ना, मी तुमच्या शेजारी येऊन बसते.

त्या रात्री नऊ वाजून नऊ मिनिटांनी सोसायटीत दिवे लागले, टाळ्या वाजल्या. अण्णा फोनवरून नजर हलवेनात. म्हणाले, “आता वर घेतायत.” दहा-बारा मिनिटांनी वही मिटली आणि मला म्हणाले, “बाथरूमचा दिवा घालव, उगाच जळतोय.”

अण्णा जाऊन आता तीन वर्षं होतील. वही कपाटात आहे. ग्रुपवर मी काही लिहिलं नाही, इथेच लिहिलं, वरचे गृहस्थ माझ्या यादीत आहेत, वाचतीलच. सात वाजून गेलेत. त्यांचा एसी सुरू झाला, गॅलरीत पाणी ठिबकायला लागलंय.