केस झालीये? वकील सोडून सगळ्यांना विचारा

तर तुमच्यावर गुन्हा दाखल झालाय. घाबरू नका आणि वकिलाकडे तर मुळीच जाऊ नका, उगाच फी मागतो. त्यापेक्षा पोलीस स्टेशनसमोरच्या टपरीवर कटिंग घेऊन बसा, तिथं एक तरी काका भेटतोच ज्याच्या स्वतःच्या दोन केसेस पंधरा वर्षं चालूयत, म्हणजे अनुभव बघा किती. काका विचारणार, कलम कुठलं? तुम्ही सांगा ३१८(४). काका म्हणणार, हॅ, हे कधी ऐकलं नाही, किरकोळच असणार. १ जुलै २०२४ पासून आयपीसी जाऊन भारतीय न्याय संहिता आली आणि आपली चारसोवीस बिऱ्हाड उचलून ३१८ मध्ये राहायला गेली, हे काकाला अजून कोणी कळवलेलं नाही.

उलट तुम्हालाच कोणावर केस टाकायची असेल तर पार्किंगवरून शिवीगाळ करून एनसी नोंदवा आणि तो कागद सोसायटीच्या ग्रुपवर टाका, "आता हा आत जातोय" असं लिहून. एनसी म्हणजे अदखलपात्र, मॅजिस्ट्रेटचा आदेश असल्याशिवाय पोलीस त्यात तपासच करू शकत नाहीत, पण हे ग्रुपवर कशाला सांगायचं, समोरच्याला दोन रात्री झोप लागली नाही की आपलं काम झालं.

आणि काही चोरीला गेलं तर चोरी म्हणू नका, वाईट दिसतं. माझा १८ हजारांचा मोबाईल बसमध्ये खिशातून काढला, मी आपला चोरी चोरी करत ठाण्यात गेलो, तर समोरचे साहेब एकदम मायेनं म्हणाले, "चोरी कशाला लिहिताय, गहाळ लिहा ना, सिम लगेच मिळेल." लिहिलं. आता सरकारदरबारी माझा मोबाईल माझ्या खिशातून स्वतःच्या पायांनी उतरून गेलाय. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की एफआयआर घ्यावाच लागतो असं सुप्रीम कोर्टानं ललिताकुमारी खटल्यात २०१३ सालीच सांगितलंय, पण सिम खरंच लगेच मिळालं हो, खोटं कशाला बोला.

पोलिसांची ३५(३) ची, म्हणजे नव्या नागरिक सुरक्षा संहितेतली चौकशीला हजर राहायची नोटीस आली तर ती फ्रीजवर ठेवा, लाईट बिलाखाली. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात बहुतेकदा अटकेऐवजी ही नोटीस येते आणि हजर राहून सहकार्य केलं तर सहसा अटक करत नाहीत, म्हणजे इतकी चांगली संधी घालवण्यासारखी दुसरी नाही. मात्र खाकी घातलेला कोणी व्हिडिओ कॉलवर "तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात" म्हणाला की ताबडतोब खोलीचं दार लावा, एफडी मोडा आणि सांगेल त्या खात्यात पैसे पाठवा. असली अटक कायद्यात कुठंच नाही, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करता येतो वगैरे, पण माणूस इतका रागावून बोलतोय तर त्याला वाईट कशाला वाटू द्यायचं.

तपासात तुमचा जबाब घेतील तेव्हा न वाचता खाली सही ठोकून या. साक्षीदाराच्या जबाबावर पोलीस सही घेऊ शकत नाहीत हे माहीत असलेला माणूस म्हणजे आगाऊ. अटक झालीच तर गप्प बसायचा हक्क वापरू नका, सगळं सांगा, शेजाऱ्याचंपण सांगा. २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे नेतात, तिथं वकील नसेल तर सरकारी खर्चानं मिळतो आणि कोठडीतल्या माणसाला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, पण फुकटचा वकील काय कामाचा, नाही का? पैसे देऊन नको, फुकट पण नको.

मग जामीन मंजूर होतो आणि जामीनदार लागतो, सातबारा किंवा घराची कागदपत्रं घेऊन. आता फोन करा काकाला. काका म्हणेल, अरे मी आलोच असतो रे, पण जमीन सगळी हिच्या नावावर आहे आणि ही माहेरी गेलीये.