मास्तर मोकळे कधी असतात?

चाळिशी उलटल्यावर ज्याला ट्रम्पेट शिकायची हुक्की येते त्यानं आधी दाते पंचांग विकत आणावं. ट्रम्पेटचं नंतर बघता येईल.

पंचांग सोलापूरचंच, ते कुठंही मिळेल. मिळत नाहीत ते मास्तर. या गावात हार्मोनिअमचे क्लास आहेत, तबल्याचे आहेत, गिटारचे तर दर दोन गल्ल्यांआड आहेत. ‘येथे ट्रम्पेट शिकवून मिळेल’ अशी पाटी मात्र नव्या पेठेपासून जुळे सोलापूरपर्यंत माझ्या बघण्यात नाही. वाजवणारेच नाहीत म्हणावं, तर वैशाखातल्या एखाद्या संध्याकाळी कुठल्याही मंगल कार्यालयासमोरून जाऊन दाखवा. तीन वराती, तीन बँड आणि तिघांची तीन वेगळी गाणी एकाच चौकात. अडचण एवढीच की आपल्याकडे शिकवणारा आणि वाजवणारा माणूस एकच असतो, आणि तो आत्ता वाजवायला गेलेला असतो.

बँडवाल्याचं वर्ष विवाहमुहूर्तांवर चालतं. तुळशीचं लग्न लागलं की सुपाऱ्या सुरू. पौषात बाकीच्या महाराष्ट्राचे बँडवाले जरा टेकतात, पण आपल्याकडे नेमका तेव्हाच गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा. तो उरकतो न उरकतो तोच माघ, फाल्गुन, वैशाख, ज्येष्ठ. या महिन्यांत मास्तर ‘या की उद्या’ असं तोंडभरून म्हणतात, जायचं नसतं. आषाढीनंतर सवड असते, पण बरीच मंडळी तेव्हा गावी शेताकडे. मग गणपती. मग नवरात्र. सगळी वजाबाकी करून मास्तर हमखास हाती लागतील असे दिवस उरतात पंधरा, म्हणजे पितृपक्ष. पितृपक्षात शुभकार्य सुरू करू नये असं घरचे म्हणतील. पहिल्या दिवशीचा तुमचा आवाज ऐकला की हे शुभकार्य नाही याची त्यांची आपोआप खात्री पटेल.

बँडच्या गाळ्यावर जायचं ते सकाळी अकराच्या सुमारास, मुहूर्त नसलेल्या दिवशी. संध्याकाळी पाचला गेलात तर लाल कोट चढवण्याच्या गडबडीत कुणीतरी तुम्हाला गिऱ्हाईक समजून बयाणा मागेल.

गाळ्यावर गेल्यावर नेमकं कुणाला धरायचं, इथं बहुतेक शिकाऊ फसतात. पितळी दिसतं ते सगळं एका जातीचं नसतं. सॅक्सोफोन अंगानं पितळी, पण त्याचा आवाज पत्तीतून, म्हणजे फुंकल्यावर थरथरणाऱ्या पातळ पट्टीतून निघतो. क्लॅरिनेटही पत्तीवर चालतं. सनईला तर दुहेरी पत्ती. ट्रम्पेटला पत्ती नसते, तिथं पत्तीचं काम तुमचे ओठ करतात. त्यामुळे क्लॅरिनेटवाले मास्तर कितीही गुणी असले आणि ‘येतंय की सर, फुंकायचंच तर हाय’ म्हणाले, तरी त्यांना नमस्कार करून पुढं सरकावं. उलट शिवजयंतीला तुतारी फुंकणारा माणूस जवळचा नातेवाईक. त्याला पिस्टन, म्हणजे सूर बदलायला बोटांनी दाबायच्या खुंट्या, ठाऊक नसतील, पण ओठ कसे थरथरवायचे हे तो चांगलं दाखवेल. आणि माझं ऐकाल तर मागच्या रांगेतल्या, युफोनियम हे जाड आवाजाचं मोठं पितळी वाद्य धरून उभ्या असलेल्या वयस्कर गृहस्थांकडे जावं. ओठांचं तंत्र तेच, पिस्टनची बोटंही तीच. पुढं उभं राहून टाळ्या घ्यायची सवय नसल्यामुळे त्यांच्यापाशी धीर शिल्लक असतो.

आता मास्तरांची परीक्षा. आपण त्यांची घ्यायची, पण त्यांना कळू न देता. मी फक्त एवढंच सुचवीन की त्यांना हळू वाजवायला सांगा. वरातीतला माणूस उघड्या रस्त्यावर, ढोल आणि जनरेटर यांच्या वरचढ वाजवत आलेला असतो; मोठा आवाज हा त्याचा रोजगार. बंद खोलीत, पाळण्यातलं मूल उठणार नाही इतक्या हळू त्याला एक सूर दहा मात्रा धरता आला तर समजावं की ओठ शाबूत आहेत आणि ते कसे राखायचे हेही त्याला ठाऊक आहे. हळू वाजवताना सूर फाटत असेल, तर तो माणूस आजवर दमाच्या जोरावर निभावत आलाय. तुमच्याकडे त्याचा दम नाही आणि त्याचं वयही नाही.

दुसरी खूण तुम्ही चुकलात की दिसते. वाईट मास्तर तुमच्या हातातून ट्रम्पेट काढून घेतात आणि तीच ओळ स्वतः झोकात वाजवून दाखवतात. त्यात त्यांचा रियाज होतो. चांगले मास्तर तुमच्या गालांकडे बघत बसतात. गाल फुगले की सांगतात, खांदे वर गेले की सांगतात, आणि पाच मिनिटांनी ‘ठेवा खाली’ म्हणतात. जितका वेळ वाजवलं तितकीच विश्रांती, हा नियम न पाळणाऱ्याकडे ओठ गहाण टाकू नयेत. ओठाचा स्नायू दमला की माणूस न कळत माउथपीस, म्हणजे ओठांना लावायची धातूची वाटी, दाताशी दाबायला लागतो. तेवढ्यापुरता सूर येतो, पण ओठातलं रक्त अडतं, बधिरपणा येतो आणि दुसऱ्या दिवशी आरशात माउथपीसची गोल मोहोर दिसते. ऑफिसात कुणी विचारलं तर काय सांगायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं.

‘पंधरा दिवसांत गाणं बसवून देतो’ म्हणणाऱ्यांपासून लांबच राहा. ते खरंच बसवून देतात. मग ते एकच गाणं तुम्ही जन्मभर वाजवता.

पहिल्या बैठकीत ट्रम्पेटला हात लागला नाही तर पैसे वाया गेले असं मानू नका. आधी नुसते ओठ मिटून माशीसारखी भुणभुण, मग माउथपीसमध्ये भुणभुण, मग कुठं वाद्य. माउथपीस ओठांच्या मध्यावर. नवशिक्याला ‘सेव्हन सी’ मापाचा पुरतो. मोठ्या मापाचा घेतला की सूर भारदस्त येतो हे दुकानदाराचं मत. सूर सुरू करताना जीभ ‘तू’ म्हणते. ‘थू’ म्हटलं तर सुराऐवजी जे निघायचं तेच निघतं.

पुढचा गोंधळ पिस्टनचा. ट्रम्पेट म्हणजे पाच फुटांना थोडी कमी अशी गुंडाळलेली नळी. मधला पिस्टन दाबला की सूर अर्ध्या स्वरानं उतरतो, पहिल्यानं एका स्वरानं, तिसऱ्यानं दीड. म्हणून सा ला काहीच दाबायचं नाही, रे ला पहिला-तिसरा, ग ला पहिला-दुसरा, म ला नुसता पहिला, प ला पुन्हा काही नाही, ध ला पुन्हा पहिला-दुसरा, नी ला दुसरा आणि वरचा सा परत मोकळा. म्हणजे खालचा सा, प आणि वरचा सा, तिघांनाही बोटं स्वस्थ! यातला कुठला निघणार ते ओठ ठरवतात, आणि पहिले तीन महिने ओठ तुमचं ऐकत नाहीत. तुम्ही सा मागता, प येतो. हार्मोनिअमवाल्याला हे पटत नाही. त्याच्याकडे पट्टी दाबली की ठरलेला सूर निमूट येतो.

त्याच हार्मोनिअमवर सूर जुळवायला बसलात तर आणखी एक घोळ. नेहमीचा ट्रम्पेट बी फ्लॅटचा, त्यामुळे त्याचा मोकळा सा म्हणजे पेटीची काळी पाच, अर्थात पाचवी काळी पट्टी. पेटीवाले काका पांढरी एक धरून बसले आणि तुम्ही मोकळा सा फुंकलात, तर दोघांचंही बरोबर असतं आणि ऐकणाऱ्याची पंचाईत. मास्तरांनी हे पहिल्याच आठवड्यात सांगायला हवं. पहिला-तिसरा दाबल्यावर रे किंचित चढा लागतो, तो उतरवायला तिसऱ्या पिस्टनची सरकती नळी बोटानं बाहेर ढकलावी लागते, हेही. जुन्या वाद्यात ही नळी गंजून बसलेली असते. सेकंडहँड घेताना आधी ती हलते का बघा. मेरठच्या जली कोठीत बनलेलं वाद्य स्वस्त पडतं, पण पिस्टन आणि नळ्या तपासायला मास्तरांनाच बरोबर न्यावं.

पैशांचं महिन्यावारी ठरवू नये. महिन्याचे दिले आणि मध्येच दाट मुहूर्त आले, तर मास्तर वरातीत आणि आपण गाळ्याच्या शटरसमोर. बैठकीगणिक द्यावेत, फार तर चार बैठकींचे एकदम. सुरुवातीला आठवड्याला अर्ध्या-अर्ध्या तासाच्या दोन बैठकी पुरतात. पुण्यामुंबईचे मास्तर ऑनलाइनही शिकवतात. तिथं ॲप तुमचा लांब धरलेला सूर पंख्याची घरघर समजून गाळून टाकतं आणि मास्तर स्क्रीनवर ‘वाजवा ना’ म्हणत राहतात. झूमवर ‘ओरिजिनल साउंड’ चालू केलं की ऐकू जातं. तुमचा माउथपीस नेमका किती दाबला जातोय हे मात्र अडीचशे किलोमीटरवरून ओळखणं कठीण.

वयाचे म्हणून काही प्रश्न असतात. वरचे पुढचे दात हलत असतील तर आधी दातांचा डॉक्टर. काचबिंदू, हर्निया, रक्तदाब यांपैकी काही असेल तर त्या-त्या डॉक्टरला विचारल्याशिवाय फुंकायचं नाही, कारण जोरात फुंकताना डोळ्यावर आणि पोटावर दाब येतो. शेंगाचटणी-भाकरी खाऊन लगेच वाद्य उचलू नये. तिखटानं ओठ चुरचुरतात ते राहू द्या. शेंगदाण्याचा कण नळीतून पिस्टनपर्यंत पोचला की पिस्टन जागच्या जागी उपोषणाला बसतो. चूळ भरून मग.

पिस्टनला खोबरेल घालणारे महाभाग आहेत. उन्हाळ्यात ते चालल्यासारखं वाटतं. गड्ड्याच्या दिवसांतल्या थंड पहाटे ते गोठतं आणि तिन्ही पिस्टन एकत्र संपावर जातात. पिस्टनचं पातळ तेल वेगळं मिळतं, दोन-तीन थेंब पुरे. तेल घातल्यावर पिस्टन अदलाबदल करून बसवले तर वाद्यातून हवाच जात नाही, आणि माणूस आपली फुप्फुसं संपली असं समजून घाबरतो. प्रत्येक पिस्टनवर आकडा असतो. तो बघून बसवावा आणि ‘टिक’ लागेपर्यंत फिरवावा. माउथपीस अडकला तर पकडीनं ओढू नये, नळी पिळवटते. महिन्यातून एकदा वाद्याला कोमट पाण्याची आणि साध्या साबणाची आंघोळ. कढत पाण्यानं वरचा लेप जातो. आंघोळ नळाला पाणी येण्याच्या दिवशीच घालावी, हे सोलापूरकराला वेगळं सांगायला नको.

उरतो शेजार. म्यूट, म्हणजे भोंग्यात बसवायचं बूच, लावलं तर आवाज कमी होतो, पण हवेला अडथळा वाढतो आणि नवशिका जास्त जोर लावायला शिकतो. त्यापेक्षा दोरीवर दुहेरी सोलापुरी चादर टांगून तिच्याकडे तोंड करून वाजवावं. आवाज थांबत नाही, त्याची धार मरते. पूर्व भागात ज्यांचं घर यंत्रमागाशेजारी आहे त्यांना याचीही गरज नाही. मागाच्या खटखटाटात कुणाची तक्रार येणार? फक्त तिथं आपलंच आपल्याला ऐकू येत नाही, आणि मास्तरांसमोर गेल्यावर गेल्या आठ दिवसांत काय वाजवलं ते दोघांनाही एकदमच कळतं.

हे सगळं पार पडून वर्षभरानं पुन्हा तुळशीचं लग्न येईल. एक माणूस कमी पडला म्हणून मास्तर लाल कोट पुढं करतील आणि मागच्या रांगेत उभं राहायला सांगतील. जावं. ओळखीचं लग्न नाही ना, एवढं आधी बघून घ्यावं. खिशात तेलाची बाटली असू द्या, दोन गाण्यांमध्ये ओठ मोकळे सोडा, आणि नवरदेवाच्या घोड्याकडे न बघता रस्त्याकडे बघत चाला. ट्रम्पेट तोंडाला असताना स्पीडब्रेकर लागला की तो आधी पायाला आणि मग पुढच्या दोन दातांना कळतो.