डाव्या चाकाला उलटे आटे नसतात : स्पोक व्हीलच्या मेसेजला उत्तर

मंगळवारी रात्री साडेअकराला मामेभावाचा फोन आला. "दादा, आपल्या गाडीचे हब उलटे बसवले आहेत म्हणतात. उद्या मेकॅनिकला सांगून डावे-उजवे बदलून घेऊन राहिलो." हब म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला भाग. मी ताडकन उठून बसलो.

नागपुरात धंतोलीच्या घरी पडवीत मामांची १९६९ ची एमजीबी आहे, एमजी या ब्रिटिश कंपनीची स्पोर्ट्स कार. उघड्या टपाची, स्पोकच्या चाकांची. मामा गेल्यावर ती बरीच वर्षं ताडपत्रीखाली होती. गेल्या दीड वर्षापासून भाऊ ती उभी करतो आहे. बॉडी झाली, इंजिन सुरू झालं, आता चाकांपाशी काम आलं, आणि नेमका याच वेळी घरच्या ग्रुपवर एक मेसेज येऊन पडला : 'जुन्या स्पोर्ट्स कारची चाकं घेताना फसू नका'. त्यात सात मुद्दे. स्पोकची चाकं धोकादायक म्हणून अमेरिकेनं १९६८ मध्ये बंद केली. डाव्या चाकाच्या मधल्या नटाला सायकलच्या पेडलसारखे उलटे आटे हवेत, नसतील तर हब बदला. भोकं जुळली की कुठलंही अलॉय बसतं. स्पोकच्या रिमला आतून सिलिकॉन लावा आणि ट्यूबलेस टायर चढवा. क्रोम म्हणजेच ओरिजिनल. जुन्या स्पोर्ट्स कारला शोभतं ते स्पोकचंच चाक. आणि चाक बदललं की व्हिंटेज नोंदणी गेली. एकाच मेसेजात स्पोक धोकादायकही आहे आणि तेवढंच खरंही आहे, हे पुढे पाठवणाऱ्या एकालाही खटकलं नाही.

आधी आट्यांचं बोलतो, कारण यात माणूस मरू शकतो.

एमजीबीच्या स्पोकच्या चाकाला चार बोल्ट नसतात. हबवर बारीक दाते असतात, त्यांना स्प्लाईन म्हणतात. चाक त्या दात्यांवर सरकवायचं आणि मधोमध एकच मोठा कानांचा नट हातोडीनं ठोकून आवळायचा. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या रज-व्हिटवर्थ कंपनीनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही पद्धत आणली. या पद्धतीत डाव्या चाकाच्या नटाला नेहमीचे, सुलटे आटे असतात आणि उजव्या चाकाच्या नटाला उलटे. मेसेज म्हणतो त्याच्या बरोबर विरुद्ध.

पेडलचं उदाहरण पटतं, म्हणूनच ते घातक आहे. सायकलच्या डाव्या पेडलला उलटे आटे असतात, हे खरं. पण तिथे पेडलचा दांडा क्रँकच्या भोकात बसतो, म्हणजे लहान गोल मोठ्या गोलाच्या आत. परातीत एक गोल डबी ठेवा आणि काठाला टेकवून आतून गोल फिरवा. डबी परातीत ज्या दिशेनं जाते, त्याच्या उलट दिशेनं स्वतःभोवती वळते. रजच्या हबमध्ये रचना उलटी आहे. चाकाच्या तोंडाशी बाहेरून निमुळता उतार आहे आणि नट आतून पोकळ उताराचा, टोपीसारखा त्याच्यावर बसतो. इथे मोठा गोल बाहेर आणि लहान आत. आता लाटण्यात बांगडी अडकवून गरगर फिरवा. बांगडी ज्या दिशेनं फेरी मारते त्याच दिशेनं स्वतःही वळते. वजन पेलत फिरणाऱ्या चाकावर हेच अगदी सूक्ष्म प्रमाणात होत राहतं आणि नट हळूहळू सरकू पाहतो. पेडलमध्ये एका दिशेला, इथे दुसऱ्या. आट्यांची दिशा अशी ठेवली आहे की सरकलाच तर नट आवळला जावा. रज-व्हिटवर्थ मुळात सायकली बनवणारी कंपनी होती. पेडलचे आटे कुठल्या बाजूला कसे असतात हे त्यांना कुणी मेसेज पाठवून सांगायची गरज नव्हती.

हब डावे-उजवे बदलले तर काय होईल? पहिल्या दिवशी काहीच नाही. नट घट्ट ठोकलेला असेल, गाडी गल्लीत फिरेल, सगळे खूश होतील. मग वर्धा रोडवर गाडी वेग घेईल आणि पुढे जाणारा प्रत्येक फेरा नटाला सोडवण्याच्या दिशेनं ढकलत राहील. इथे दुसरे चार बोल्ट नाहीत. एक नट निघाला की चाक निघालं.

आणि यासाठी मोठा अभ्यासही लागत नाही. एमजीच्या कानांच्या नटांवरच तो कुठल्या बाजूचा ते कोरलेलं असतं, सोडवायच्या दिशेचा बाणही असतो. दोन्ही बाजूंना मिळून एकच खूण लक्षात ठेवायची : नटाचा वरचा कान गाडीच्या नाकाकडे ढकलला की नट सुटतो, डिकीकडे ढकलला की आवळतो. मामांच्या गाडीसोबत आलेली कंपनीची माहितीपुस्तिका अजून घरात आहे. भावाला ती फोनवरच उघडायला लावली. त्यात हे आहे, शिवाय चाक चढवताना दाते, आटे आणि दोन्ही उतार पुसून स्वच्छ करायचे आणि हलकं ग्रीस लावायचं, हेही आहे. मळलेल्या किंवा झिजलेल्या उतारावर नट आपोआप आवळला जाईल या भरवशावर कुणी राहू नये.

या मुद्द्यातलं एक मात्र मान्य करतो. पाच-सहा हातांतून फिरलेल्या गाडीत हब खरोखरच चुकीच्या बाजूला गेलेले असू शकतात, म्हणून तपासायला हवं. पण तपासायचं ते नटावरचा बाण बघून, पेडल बघून नाही. भावानं टॉर्च घेऊन पाहिलं. मामांच्या गाडीचे चारही बरोबर होते.

अमेरिकेचा मुद्दा अर्धा खरा आहे. १९६८ पासून तिथल्या सुरक्षा नियमानं चाकाबाहेर डोकावणारे कान बंद केले, कारण ते रस्त्यावरच्या माणसाला लागू शकत होते. बंदी कानांवर होती. एमजीनं तिथे अष्टकोनी नट दिला आणि स्पोकची चाकं त्यानंतरही विकली. आपल्या गल्लीतल्या पोरांचा विचार करून भावाला अष्टकोनी नट घ्यायचे असतील तर जरूर घ्यावेत. जुन्या रूपाला त्यानं काही बाधा येत नाही, ते त्याच काळातले आहेत.

स्पोकच्या चाकाला मेहनत लागते, हेही खरंच आहे. तारा सैल होतात, तुटतात. त्या काळी एमजीबीला ६० तारांची चाकं येत. आता बदलायचीच तर मी ७२ तारांची घेईन. आपले सिमेंट रस्ते वरून गुळगुळीत दिसतात, पण प्रत्येक सांध्यावर बसणारा दणका तारांनाच झेलावा लागतो. दर काही महिन्यांनी प्रत्येक तारेवर पान्यानं टिचकी मारायची. ताणलेली तार खणखणते, सैल तार बद्द वाजते. ब्रेक दाबून धरायला कुणाला तरी बसवायचं आणि जॅकवरचं चाक पुढेमागे हलवायचं. टक् असा आवाज आला तर दाते झिजले आहेत. मग हब आणि चाक दोन्ही बदलायचे. त्यावर वेल्डिंग करून दाते भरून देणारे लोक आहेत. त्यांच्या वाटेला जाऊ नका.

भोकं जुळली की अलॉय बसतं, हे या गाडीला लागूच होत नाही, कारण या हबला बोल्टच नाहीत. बोल्टचे हब मिळवून लावता येतात, पण १९६९ च्या गाडीत स्पोकसाठीचा मागचा अ‍ॅक्सल बोल्टच्या चाकांच्या अ‍ॅक्सलपेक्षा आखूड असतो. म्हणजे चाक नेमकं कुठे बसेल, टायर कुठे घासेल, हे सगळं नव्यानं मोजावं लागतं. अलॉयच हवं असेल तर आठ जाड आऱ्यांच्या मिनीलाइट धाटणीचं घ्यावं. साठच्या दशकात मिनी कूपर तसल्या चाकांवर रॅली धावत होत्या आणि त्या घडणीची चाकं स्प्लाईनच्या हबसाठीही मिळतात.

यातच सहाव्या मुद्द्याचं उत्तर आहे. काळाला साजेसं चाक म्हणजे त्या वर्षी ती गाडी घेणाऱ्याला शोरूममध्ये किंवा बाजारात जे मिळू शकत होतं ते. एमजीच्याच टीसी या जुन्या मॉडेलला १९ इंची तारांची चाकं होती, तिच्या मागून आलेली टीडी साध्या पत्र्याच्या चाकांवर आली. एमजीबीला १९६९ च्या अखेरीस दाबीव पत्र्याची रोस्टाइल चाकं आली. टीडीला तारा लावून तेच ओरिजिनल आहे म्हणणं म्हणजे गाडीचा इतिहास पुसणं आहे.

क्रोमचंही तसंच. एमजीबीची नेहमीची स्पोक चाकं रुपेरी रंगाची होती, क्रोमला जास्तीचे पैसे पडत. आपल्याकडे जुन्या तारा गावातच पुन्हा क्रोम करून घेतात, ते तर मुळीच करू नये. मुलामा देताना ताणलेल्या पोलादात हायड्रोजन शिरतो, आणि नंतर नीट तापवून तो काढला नाही तर तार ठिसूळ होऊन मोडते.

ट्यूबलेसबद्दल फार लिहीत नाही. तारांची टोकं रिमच्या आत येतात, म्हणून त्या रिमला पट्टी आणि ट्यूब लागते. शिवाय अनेक जुन्या रिमना टायरची कड धरून ठेवणारा आतला उंचवटा नसतो. ट्यूबलेससाठीच बनवलेली स्पोक चाकं आता मिळतात, ती घ्या. जुन्या रिमवर घरी सिलिकॉन फासू नका. नागपूरच्या मे महिन्यात ४५ अंशांवर डांबरी रस्ता किती तापतो हे आपल्याला ठाऊक आहे. ट्यूब टाकताना टायरच्या आत चिकटवलेले कागद काढा, ते ट्यूबला घासतात.

नोंदणीबद्दल : २०२१ च्या केंद्राच्या नियमांत व्हिंटेज म्हणजे ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली, आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी. त्या यादीत चाकाचं नाव नाही. मूळ रूप राखा, इतकंच.

भावाला मी सांगितलं आहे, ७२ तारांची, रुपेरी, १४ इंची चाकं मागव. हबला हात लावू नकोस. चढवल्यावर प्रत्येक नटावर आणि त्याच्या शेजारी चाकावर खडूची एक सरळ रेघ मार, वर्धा रोडनं बुटीबोरीपर्यंत सावकाश जा, आणि परत आल्यावर चारही रेघांचे फोटो मला पाठव.