कासव म्हणजे तालमीतला पैलवान नव्हे

‘कासवाचं कवच हिऱ्यासारखं चमकवा, पाच घरगुती उपाय’ हा मेसेज भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीनदा आला, तीनदा मी न वाचता सोडला. परवा कोल्हापुरात राजारामपुरीत वहिनींकडं गेलो, तर पुतणीचं पाण्यातलं, लाल पट्ट्याचं कासव टबात तुपातल्या अनारशासारखं चकाकत होतं. पाठीवर खोबरेल, त्यात हळद, कडेला पानाचा चुना. कड बोटानं दाबली तर दबली. मग मेसेज नीट वाचला आणि डोकंच फिरलं.

म्हणे, “कवच नखासारखं निर्जीव असतं. तेल चोळल्यानं मजबूत होतं, चुन्यातलं कॅल्शियम आत मुरतं.” नखाची गोष्ट अर्धी खरी. वरचे पापुद्रे नखाच्याच द्रव्याचे, केराटिनचे. पण त्याखाली हाड आहे. कासवाचा कणा आणि फासळ्याच रुंद होऊन, एकमेकींत जुळून ती ढाल झालेली असते. तिला रक्त पोचतं, तिला स्पर्श कळतो. आपल्या फासळ्या ठिसूळ झाल्या तर आपण छातीला चुना फासतो का? हाडाला कॅल्शियम पोटातून, रक्तावाटे मिळतं. वरून लावलेला चुना कातडी आणि डोळे भाजण्यापलीकडं काही करत नाही. तेलावर घाण चिकटते, भेगांत ओल कोंडते आणि जंतूंचं फावतं. शिवाय पाण्यावर तवंग, आणि तेच पाणी ते जनावर पितं. तेल चोळायचं तर गंगावेस तालमीत जा. हळद वाहायची तर देवळातलं दगडी कासव आहेच.

“रोज खिडकीतल्या उन्हात ठेवा.” ऊन पाहिजे, हे नाइलाजानं मान्य. पण वहिनींची खिडकी बंद काचेची. उन्हातल्या ज्या यूव्हीबी, म्हणजे अतिनील, किरणांनी (साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर) कातडीत डी३ जीवनसत्त्व तयार होतं, ते साधी काच जवळपास सगळे अडवते. ऊब येते, उजेड येतो, डी३ होत नाही. डी३ नसलं की खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात जात नाही, मग शरीर ते हाडांतून उपसतं. म्हणजे कवचातूनच! मर्क या औषध कंपनीच्या पशुवैद्यकीय मॅन्युअलमध्ये पाळीव कासवांच्या मऊ कवचामागं हीच कारणं दिलीत, कॅल्शियम कमी आणि यूव्हीबी नाही. तेलाच्या कमतरतेचा आजार तिथं मला दिसला नाही.

त्यात आपल्याकडं जूनपासून कित्येक आठवडे आभाळ उघडत नाही. तेव्हा सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची यूव्हीबी ट्यूब लागते, घरातल्या एलईडीनं भागत नाही. ट्यूब आणि कासव यांच्यामध्ये काच नको. खाली अंग पूर्ण कोरडं होईल असा दगड, त्यावर बत्तीसेक अंश ऊब, आणि नको वाटलं तर सावलीत जायला जागा. ट्यूब सहा महिने ते वर्षात बदलायची. ती पेटत राहते, पण यूव्हीबी कधीच आटलेलं असतं.

खाण्याचा उपाय तर कहर. दुधात कुस्करलेली भाकरी आणि रोज सुकट! दूध कासवाला पचत नाही. नुसत्या सुकटीचंही जेवण होत नाही. कॅल्शियम हे फॉस्फरसच्या दुप्पट असावं लागतं, मांसाहार त्याच्या उलट्या बाजूला झुकतो. पिल्लू असताना किडे-मासे जास्त चालतात, मोठं झालं की पाला जास्त. लेट्यूस, गाजराचा कीस, कासवाच्या तयार गोळ्या. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडकवून ठेवतं. आणि काष्ठौषधीच्या दुकानातून समुद्रफेसाचा, म्हणजे माकुळाच्या आतल्या कॅल्शियमवाल्या कवचाचा, तुकडा आणून पाण्यात सोडा, ते आपण होऊन कुरतडतं.

“सुटलेले पापुद्रे सोला.” अजिबात नको. पाण्यातलं कासव वाढताना ते टाकतंच.

शेवटचा उपाय, “बरं न झाल्यास रंकाळा तलावात सोडून पुण्य मिळवा.” दुकानात मिळणारं हे लाल पट्ट्याचं कासव, रेड-इअर्ड स्लायडर, मूळ अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातलं. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. रंकाळ्यातल्या देशी कासवांनी काय पाप केलंय?

वहिनी, ट्यूब मी आणतो. तोवर कोमट पाण्यात मऊ ब्रशनं तेल-चुना काढा, आणि कड दबतेय म्हणून कासवाचं कळणाऱ्या डॉक्टरला याच आठवड्यात दाखवा. उरलेला चुना दादाला द्या, त्याच्या पानाला होईल.