मळकट नाहीये तो, ऑफ व्हाइटच आहे!

आज सकाळपासून डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. लांबणार आहे, वेळ नसेल तर पुढे जा, राग नाही.

काल रात्री भाच्याचा मेसेज आला. एकोणीस वर्षांचा पोरगा, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या मनाने शर्ट आणला, जाड कॉटनचा, ऑफ व्हाइट. घालून मित्रांमध्ये गेला तर एकाने विचारलं, ‘अरे धुतला नाहीस का?’ दुसरा म्हणाला, ‘पांढराच घ्यायचा ना मग, हा विटलेला वाटतोय.’ आणि घरी आला तर घरातल्याच एकांनी (नाव घेत नाही, वाचतीलच ते) ‘मळकट दिसतोय’ म्हणून शिक्का मारून टाकला. मग रात्री साडेअकराला मला फोटो. ‘मामा, परत करू का? टॅग अजून काढला नाहीये.’ म्हणजे बघा, टॅग कॉलरच्या आत दुमडून घालून गेला होता पोरगा! कुणी काही बोललं तर परत करता यावा म्हणून. मला झोप नाही लागली त्या टॅगमुळे.

एखाद्याच्या कपड्यावर पटकन काहीतरी बोलून मोकळं व्हायचं आणि मग तो पुढची दहा वर्षं निळा आणि काळाच घालत राहणार, हे आपल्यापैकी कुणाला पटतं का? नाही ना? मग.

आता रंगाचं. मला हे ‘विटलेला’ प्रकरण ऐकलं की संताप येतो, कारण वस्तुस्थिती बरोबर उलटी आहे. कापूस बोंडातून निघतो तेव्हा तो ट्यूबलाइटसारखा पांढरा नसतोच, किंचित पिवळसर, सायीच्या रंगाकडे जाणारा असतो. मांजरपाट बघितलाय ना, न धुतलेला, कोरा? तो कापसाचा स्वतःचा रंग. पांढराशुभ्र शर्ट हवा म्हणून त्याच कापडाला आधी उकळून त्यातलं मेण वगैरे काढतात, मग हायड्रोजन पेरॉक्साइडने ब्लीच करतात, आणि वरून बऱ्याचदा ऑप्टिकल ब्रायटनर लावतात, जो डोळ्याला न दिसणारा अतिनील प्रकाश शोषून निळसर प्रकाश परत फेकतो, म्हणून पांढरा कपडा उन्हात चमकतो. नीळ घालतात तेही त्याच हिशोबात, पिवळटपणा निळ्याने मारायचा. एक्रू म्हणून शेड मिळते, तो मूळ फ्रेंच शब्द, अर्थच ‘कच्चा, ब्लीच न केलेला’. आणि आपण त्याला मळका म्हणतो. कमाल आहे.

आणि फरक तरी किती असतो? कॉम्प्युटरवर पांढरा म्हणजे लाल, हिरवा, निळा तिन्ही २५५, म्हणजे पूर्ण भरलेले. आयव्हरी म्हणजे २५५, २५५, २४०. फक्त निळा पंधराने उतरवला की झाला हस्तिदंती. एवढ्याशा फरकावर पोराला बोलतायत.

बाबांचं सांगतो, कारण मला या रंगाची खरी ओळख त्यांच्यामुळेच झाली. बाबांनी नोकरीची सगळी वर्षं पांढरा शर्ट घातला, कडक कॉलर, बाहीवर इस्त्रीची धारदार रेघ. मी माझा ऑफ व्हाइट फ्लॅनेलचा शर्ट पहिल्यांदा घरी घालून आलो तेव्हा त्यांनीही हेच विचारलं होतं, ‘हा काय रंग? धुवायला टाक तो.’ मी काही बोललो नाही. मग एका थंडीत ते आजारातून उठले होते, अंगात कणकण, स्वेटर टोचतोय म्हणून काढून ठेवलेला, आणि माझा तो शर्ट खुर्चीच्या पाठीवर पडला होता. तो चढवला त्यांनी. आत राखाडी गोल गळ्याचा टीशर्ट, खाली त्यांची जुनी तपकिरी ढगळ पॅन्ट, शर्टची बटणं उघडीच, बाह्या लांब होत्या म्हणून दोन घड्या घातलेल्या. खिडकीशी पेपर घेऊन बसले. मी खोलीत आलो आणि दारातच थांबलो. इतके छान ते मला कधी दिसले नव्हते, कुठल्याच पांढऱ्या शर्टात नाही. म्हणाले, ‘हा टोचत नाही रे.’

तो शर्ट मला परत मिळाला नाही.

तर भाच्यासाठी, आणि ज्यांना कुणी ‘मळकट’ म्हणालंय त्या सगळ्यांसाठी लिहितोय. बाबांनी त्या दिवशी नकळत जे केलं तेच करायचं असतं, दुसरं काही शास्त्र नाही यात.

पहिलं म्हणजे ऑफ व्हाइटच्या शेजारी पांढराशुभ्र आणू नका. आतला टीशर्ट पांढरा, बूट पांढरे, वर शर्ट ऑफ व्हाइट, की झालंच, डोळा लगेच तुलना करतो आणि शर्ट बिचारा पिवळा दिसतो. भाच्याच्या फोटोत नेमकं हेच झालंय! आत झगझगीत पांढरा टीशर्ट, गळ्याशी दोन बोटं दिसतोय. सगळा दोष त्या दोन बोटांचा आहे, शर्टचा नाही. राखाडी घाल, तपकिरी घाल, नेव्ही घाल. शर्ट पूर्ण बंद करून घालणार असशील तर आतलं बनियन त्वचेच्या रंगाच्या जवळचं किंवा फिकं राखाडी, पांढरं बनियन हलक्या शर्टातून जास्त उठून दिसतं, लोकांना वाटतं उलट पण नाही.

दुसरं, आणि माझ्या मते हेच सगळ्यात महत्त्वाचं, कापडाला हात लावून बघा. रंग शांत आहे ना, मग बोलायचं काम पोताने करायचं. पातळ, गुळगुळीत, चकाकणारं पॉपलिन ऑफ व्हाइटमध्ये घेतलं तर ते खरंच जुनं झालेल्या पांढऱ्यासारखं दिसू शकतं, हे मला मान्य करावं लागेल. पण तेच ऑक्सफर्ड घ्या, ज्यात धागे टोपलीसारखे विणलेले असतात आणि जवळून बारीक दाणे दिसतात, किंवा फ्लॅनेल घ्या, ज्यावर ब्रश फिरवून लव काढलेली असते (ती लवच हवा धरून ठेवते, म्हणून ऊब), किंवा बारीक कॉर्डरॉय, किंवा लिननच्या त्या गाठीगाठींचा धागा. मग कुणाची हिंमत नाही विटका म्हणायची. रंग मुद्दाम निवडलाय हे कापडच सांगतं. आयर्लंडजवळच्या ॲरन बेटांवरचे ते जाड विणीचे स्वेटर आठवा, न रंगवलेल्या लोकरीचे, सायीच्या रंगाचे, सगळी शान त्या गोफासारख्या विणीची. कोण म्हणतं त्यांना मळके?

पॅन्ट. तपकिरी, ऑलिव्ह, गडद राखाडी, नेव्ही, गंजाच्या रंगाकडे जाणारा लालसर, यातलं काहीही चालतं, कारण यातले बहुतेक मातीतले रंग आणि ऑफ व्हाइटही तिथलाच. फिकी खाकी मात्र जपून, शर्ट आणि पॅन्ट जवळजवळ एकाच उजेडाचे झाले की माणूस पुसट होतो, मग वर गडद काहीतरी हवं, तपकिरी कार्डिगन, नेव्ही जॅकेट. डेनिम तर उत्तमच, पण कोरी गडद जीन्स असेल तर तिचा इंडिगो घासून सुटतो आणि शर्टच्या खालच्या कडेला निळा पट्टा उमटतो, आणि तो ऑफ व्हाइटवर सहज जात नाही. दोन-तीनदा उलटी करून वेगळी धुवा ती जीन्स, मग घाला.

आणि शर्ट इन करू नका हो. घरातल्यासारखं निवांत दिसायचंय ना? खाली मोकळा सोडा, फक्त लांबी बघा, शर्ट पॅन्टच्या चेनच्या साधारण मध्यापर्यंत आला की पुरे, मांडीवर आला की तो झगा. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर किंवा बोटभर खाली, त्याहून खाली उतरली तर शर्ट उसना आणलेला वाटतो. बाह्या दुमडताना दोनच घड्या, सैल, कोपराच्या खाली. बाबांच्या त्या दोन घड्या मला अजून दिसतात, एक जरा तिरकी होती, मनगटाचं हाड बाहेर आलेलं, आजारपणाने हात बारीक झाले होते. कडक इस्त्री केलेल्या बाहीत तो हात मला दिसलाच नसता बहुतेक.

इस्त्रीवरून आठवलं, तीही थोडी सोडा. ऑक्सफर्ड, लिनन, फ्लॅनेल यांना थोड्या चुण्या शोभतात. धुतल्यावर झटकून हँगरला वाळवा, कॉलर आणि पुढची पट्टी हाताने ओढून सरळ करा, बस झालं.

आता धुण्याचं. इथे मला परत राग येणार आहे, कारण एवढा चांगला रंग आपण स्वतःच्या हाताने घालवतो. बऱ्याच पावडरींमध्ये तोच ऑप्टिकल ब्रायटनर असतो. पांढऱ्यासाठी ठीक, पण ऑफ व्हाइट शर्ट त्यात पाच-सहा वेळा धुतला की त्याची ऊब जाते, थंड निळसर झाक येते. बाबांच्या शर्टचं हेच झालं. कुणीतरी चांगल्या मनाने तो पांढऱ्या कपड्यांबरोबर ‘जास्त शुभ्र’वाल्या पावडरीत टाकला, एकदा नाही, महिनाभर. बाबांनी तो एक दिवस खिडकीशी धरून बघितला आणि चिडले, ‘माझा शर्ट पांढरा केलात तुम्ही!’ हो, हेच बाबा, ‘धुवायला टाक तो’ म्हणणारे! त्यानंतर ते तो स्वतः धुवायला लागले, वेगळा, बादलीत, रंगीत कपड्यांच्या लिक्विडने. तेच करा. रंगीत कपड्यांसाठीचं, ब्रायटनर नसलेलं डिटर्जंट, पाणी कोमट.

क्लोरिनचा ब्लीच तर अजिबात नको. घामाच्या डागावर तो उलटा पिवळेपणा वाढवू शकतो आणि कापडात स्ट्रेचचा धागा असेल तर तोही पिवळा पडतो. काखेतले ते चिवट पिवळे डागही नुसत्या घामाचे नसतात बऱ्याचदा, अँटीपर्स्पिरंटमधलं (घाम रोखायला काखेत लावतात ते) ॲल्युमिनियम आणि घाम मिळून होतात, म्हणून ते फासून लगेच शर्ट चढवू नका, वाळू द्या आधी. ठेवायचा असेल तर धुऊनच ठेवा, घाम-तेलाचे न दिसणारे डाग कपाटात हळूहळू पिवळे होतात.

हो, डाग दिसतात यावर. दिसतात. मान्य. काळ्या शर्टापेक्षा जपावं लागतं. पण पांढऱ्यापेक्षा कमी, आणि जपावं लागतं म्हणून एखादी गोष्ट वाईट हे मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही. बाबांच्या शर्टच्या खिशावर शाईचा ठिपका आहे, मसुराएवढा, पेन उघडं ठेवलं म्हणून. त्याने तो शर्ट अजून त्यांचा झाला.

शेडचं एक राहिलं. फार पिवळ्याकडे झुकणारा क्रीम काही चेहऱ्यांना थकलेला दाखवतो, तेही खरं आहे, मग थोडा राखाडीकडे जाणारा किंवा मोतिया घ्या. पण बघायचा दिवसाच्या उजेडात, खिडकीशी. २७०० केल्विनच्या (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) पिवळ्या बल्बखाली सगळंच क्रीम दिसतं आणि ६५०० च्या पांढऱ्या ट्यूबखाली सगळंच फिकं, रंग उडालेलं. भाच्याने फोटो काढलाय बाथरूमच्या आरशात, ट्यूबखाली, आत पांढरा टीशर्ट. त्या उजेडात कुठलाही बिचारा शर्ट हरेल रे.

लिहिता लिहिता राग बराच उतरलाय. त्याच्या मित्रांवर तर राहिलाच नाही, तीही पोरंच आहेत, त्यांनाही कुणीतरी असंच काहीतरी म्हटलं असणार कधी. मोठ्यांवर आहे अजून थोडा. त्यांनी पोराच्या तोंडाकडे बघायला हवं होतं, शर्टाकडे नंतर.

भाच्याला सकाळी एवढंच लिहिलं की पांढरा टीशर्ट काढ, तो राखाडी घाल जो तू झोपताना घालतोस, ऑलिव्ह पॅन्ट, बटणं उघडी, बाह्यांना दोन घड्या, खिडकीशी उभा राहा आणि परत फोटो पाठव. अर्ध्या तासाने आला फोटो. हसत नाहीये, पण खांदे खाली आलेत, काल वर चढलेले होते. हा फोटो मी पुढे बाबांना पाठवला, कुणाचं काय म्हणणं ते काही न सांगता. त्यांचा लगेच फोन. ‘कुठल्या कापडाचा आहे रे त्याचा? माझ्या कॉलरीचं सूत निघायला लागलंय.’

टॅग कापलाय म्हणाला भाचा.