कट्ट्यावर गाडीचं गोत्र सांगताना

गाडी देशी चांगली की विदेशी, हा वाद बेळगावात गोवावेसच्या चहागाड्यावर जिंकायचा असेल तर पहिली अट : बॉनेट उघडायचं नाही. उघडलं की आतल्या भागांवरची नावं दिसतात, आणि नावं दिसली की वाद मिटतो. मग उरलेला चहा कशाबरोबर प्यायचा?

बाजू निवडायला डोकं चालवू नका. घरात आधी जी गाडी होती तिची बाजू घ्या. वडिलांकडे ॲम्बेसिडर होती? तुम्ही कट्टर स्वदेशी. ती इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डच्या साच्यातून निघालेली, हे कोणी काढलंच तर ‘तू पद्मिनी बघ की’ म्हणून विषय वळवा. पद्मिनी इटलीच्या फियाट ११००ची लेक, पण तोवर दुसरा कप आलेला असतो.

यानंतर पत्रा. बोटाच्या पेराने दारावर टकटक करा. ‘डब’ आवाज आला की मान डोलवा, ‘टण’ आला की तोंड वाकडं करा. देशी असो की विदेशी, दाराचा बाहेरचा पत्रा साधारण पाऊण मिलिमीटरचा असतो, आणि ‘डब’ येतो तो बहुतेक वेळा आतून चिकटवलेल्या डांबरी शीटमुळे. हे शीट ॲक्सेसरीच्या दुकानात मिळतं. चार दारांत चिकटवून घेतलं की सगळ्यात स्वस्त हॅचबॅकसुद्धा दुपारपर्यंत जर्मन होते. धडकेत जीव वाचवणारा सांगाडा वेगळा : दारातली आडवी दांडी, दोन दारांमधला खांब म्हणजे बी-पिलर, छताच्या कडा, सगळं हाय-टेन्साइल म्हणजे जादा ताकदीच्या पोलादाचं. तो पेराने वाजत नाही, म्हणून त्याच्यावर बोलायचं कारण नाही.

२०१४ हे साल तर उच्चारूच नका. त्या वर्षी ग्लोबल एनकॅप या गाड्या आपटून सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने ताशी ६४ किलोमीटरच्या वेगाने आपल्याकडच्या पाच गाड्या आपटल्या : अल्टो ८००, नॅनो, आय-टेन, फिगो आणि पोलो. जपानी, देशी, कोरियन, अमेरिकन, जर्मन. मोठ्या माणसांच्या सुरक्षेत पाचही शून्यावर बाद. त्याच पोलोत दोन एअरबॅग घालून पुन्हा आपटली तर चार तारे मिळाले. फरक व्हेरिएंटचा होता. पण व्हेरिएंटवर बोलायचं तर किंमतपत्रक वाचावं लागतं. ‘जर्मन म्हणजे जर्मन’ म्हणायला काही वाचावं लागत नाही. समोरचा टाटांची पाच तारेवाली २०१८ची नेक्सॉन पुढे करेल. त्याला म्हणा, ‘होय की, खरं फिनिशिंग बघ!’ फिनिशिंगला आजवर कोणी उत्तर दिलेलं नाही.

गोत्राच्या प्रश्नावर मात्र थोडी तयारी लागते, कारण इथेच माणसं घसरतात. स्विफ्ट डिझेलचं मायलेज जपानी, टाटांच्या व्हिस्टा क्वाड्राजेटचं देशी आणि पुंटोचं इटालियन, असं ठामपणे सांगा. तिन्हींत फियाटचं तेच १२४८ सीसीचं मल्टिजेट इंजिन होतं, हे कळू देऊ नका. ग्लान्झाला ‘टोयोटाची क्वालिटी’ म्हणा आणि बलेनोला ‘डबा’. दोन्ही गुजरातेत सुझुकीच्याच कारखान्यात बनतात. ‘जपानी लोक असली गाडी घेतील काय?’ असं विचारायचा मोह आवरा. बलेनो, फ्राँक्स आणि पाच दारांची जिम्नी इथे बनून जपानला गेलेल्या आहेत. जग्वार २००८पासून टाटांची. एमजीचा बिल्ला ब्रिटिश, मालकीत चिनी कंपनी, जन्म हालोलचा. तिचं गोत्र सांगायला भटजीच बोलवा. आणि मर्सिडीज? ती चाकणला जुळते. बेळगावला येताना महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या कोगनोळीच्या टोलनाक्यावरून येते, म्हणजे परराज्यातली म्हणता येईल, परदेशातली म्हणणं जरा जडच जातं.

मध्येच उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्रीतला कोणी कट्ट्यावर आला तर आवाज खाली घ्या. आपलं कास्टिंग कुठल्या बिल्ल्याखाली जातं हे त्याला माहीत असतं. गाडीच्या देशाप्रमाणे लोखंडाचं तापमान बदलत नाही, ते तेराशे-चौदाशे अंशांवरच ओततात. बदलतं ते ड्रॉइंगवरचं टॉलरन्स, म्हणजे मापातली सूट, आणि ब्लोहोल, म्हणजे ओतकामात हवेने पडलेलं भोक, दिसल्यावर घेणाऱ्याचा इन्स्पेक्टर किती माल परत पाठवतो ते. एकाच भट्टीतून दोन दर्जाचा माल निघतो तो असा. त्याने हे सांगायला सुरुवात केली की त्याच्यासाठी भजी मागवा.

नंबरप्लेटचं गोत्र वेगळं. कर्नाटकात रोड टॅक्स जड, म्हणून बऱ्याच स्वदेशाभिमानी गाड्या कोल्हापूरच्या पाहुण्यांच्या नावावर, एमएच-०९ लावून फिरतात. बारा महिन्यांच्या वर राहिली तर इथला नंबर घ्यावा लागतो, असा कायदा आहे. गाडी कायम ‘कालच आली’, असं सांगत राहा.

आता प्रत्यक्ष गाडी घ्या. डिझेलच घ्या, आणि टिळकवाडी ते खडेबाजार एवढीच फिरवा. बीएस-६ प्रदूषण-नियमातल्या डिझेल गाडीच्या डीपीएफमध्ये, म्हणजे धुराच्या वाटेवरच्या गाळणीत, काजळी साठते. ती जाळायला गरम इंजिनावर पंधरा-वीस मिनिटं ताशी साठच्या आसपास सलग चालवावं लागतं. तुम्ही चौथ्या मिनिटाला पार्किंग शोधता, जाळणं अर्धवट सुटतं, त्यासाठी जादा फवारलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. ऑइल मोजायच्या डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसेल. घाबरू नका, कट्ट्यावर सांगा, ‘देशी गाडी ऑइल खाते, आमची देते.’ पातळ झालेल्या ऑइलवर टर्बोचं बेअरिंग गेलं की दोष रस्त्यांवर ढकला. रविवारी हायवेला संकेश्वरपर्यंत जाऊन आलात तर यातलं बरंच टळतं, पण मग सोमवारी कट्ट्यावर बोलायचं काय?

पेट्रोल घेतलंत तर वीस टक्के इथेनॉल येतं. चिकोडी-निपाणीच्या उसाच्या जिवावर जर्मन गाडी धावते, यावर अर्धा तास सहज निघतो. जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि गॅस्केट तपासण्यात तो वाया घालवू नका.

खरी मर्दुमकी मात्र पुण्याहून आणलेल्या दहा वर्षांच्या जर्मन सेडानमध्ये. नव्या हॅचबॅकच्या भावात मिळते. पार्ट मात्र तिच्या मूळ किमतीच्या मानाने मिळतात, ती गोष्ट सौदा होईपर्यंत मनात आणू नका. सर्व्हिस रेकॉर्ड मागणं म्हणजे अविश्वास. डिकीत स्टेपनी नसेल तर ‘रन-फ्लॅट आहेत’, म्हणजे हवा गेली तरी धावणारी टायरं आहेत, असं अभिमानाने सांगा आणि खानापूरच्या पावसाळी रस्त्याला लागा. टायरच्या कडेची भिंत बुटकी असल्याने खड्ड्याच्या काठावर टायर रिम आणि दगडात चिमटतं, आतले धागे तुटतात आणि बाजूला टेंगूळ येतं. टेंगूळ आलेलं टायर पंक्चरवाला जोडत नाही. तो देशी असल्यामुळे नसेल.

तीच गाडी घेऊन चोर्ला घाटात ट्रकच्या मागे अडका. गिअरबॉक्स ड्राय डबल क्लचचा, म्हणजे दोन कोरडे क्लच असलेला ऑटोमॅटिक, असेल तर चढावर ब्रेक अजिबात दाबू नका. ॲक्सिलेटर हलका दाबून गाडी जागेवर तोलून धरा. क्लच निम्मा लागून घासत राहतो, तेलात नसल्यामुळे उष्णता बाहेर पडायला वाट मिळत नाही, आणि लौकरच डॅशबोर्डवर इशारा येतो. इशारा इंग्रजीत असतो, दुर्लक्ष करा.

गाडी थांबली की अख्खी गाडी पाठीवर घेणारा फ्लॅटबेड ट्रक मागवू नका, त्याला भाडं पडतं. पुढची चाकं जमिनीवर ठेवूनच दोर बांधा. इंजिन बंद असताना गिअरबॉक्सच्या आत तेलाचं फिरणं नीट होत नाही, तेव्हा क्लचपुरतं असलेलं काम गिअरबॉक्सपर्यंत वाढू शकतं. कणकुंबीत एखादा ट्रॅक्टर भेटेलच. त्याचा चालक विचारेल, ‘एवढी महागाची गाडी, बंद कशी पडली वो?’ तेव्हा काचा वर घ्या. ओढणारा ट्रॅक्टर देशी की विदेशी, यावर जांबोटी येईपर्यंत आतल्या आत वाद घालता येतो.